जरीचें भाष्य

मराठींत ‘टीका’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हल्लीं तो बहुतेक दोष काढण्याच्या अर्थानें वापरला जातो. परंतु त्याचा जुना अर्थ वेगळा आणि अधिक मोलाचा आहे. मूळ ग्रंथ पुढें ठेवावा, त्यांतील एकही अक्षर पुसूं नये, आणि त्याच्यावर आपल्या समजुतीचा एक थर चढवावा, म्हणजे ती टीका. ज्ञानेश्वरांनीं गीतेवर लिहिलें तें या अर्थानें. वरच्या थरानें मूळ झांकलें न जातां उलट अधिक स्पष्ट दिसूं लागावें, ही अशा टीकेची कसोटी होय. प्रस्तुत लेखांत ज्या कलाप्रकाराचा विचार करावयाचा आहे, त्यालाही हीच कसोटी लावून पाहावी असा आमचा हेतु आहे. तो प्रकार म्हणजे राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांवर कापड, जर, टिकल्या आणि मणी लावून केलेलें काम.

अशीं चित्रें देशाच्या निरनिराळ्या भागांत आढळतात. तामिळनाडूंतील चेट्टिनाडच्या जुन्या वाड्यांतून तर तीं विशेष मिळालीं आहेत. लक्ष्मी, सरस्वती, राधा-कृष्ण यांचें छापील चित्र तेंच. परंतु देवीच्या अंगावर खरें रेशमी वस्त्र, वस्त्राच्या काठाला जर, गळ्यांत कांचेचे बारीक मणी आणि मुकुटावर टिकल्या. मुख, हात आणि पाय मात्र बहुधा छापल्याप्रमाणेंच उघडे. हें काम बव्हंशीं घरांतील स्त्रियांच्या हातचें. चित्राखालीं छापखान्याचें नांव असतें. जिनें तें सजविलें तिचें नांव सहसा कोठेंही नसतें.

या कामाकडे सुशिक्षितांनीं आजवर दुहेरी तुच्छतेनें पाहिलें आहे. ज्यांस रविवर्मा मान्य नव्हते, त्यांच्या दृष्टीनें मूळ छापील चित्रच हलकें, मग त्यावरील टिकल्यांची गोष्टच नको. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रविवर्म्यांच्या कलेवर जे आक्षेप घेतले, त्यांची छाया या मतावर पुष्कळ काळ राहिली. उलट ज्यांस रविवर्मा पूज्य, त्यांना हें जरीकाम म्हणजे थोर चित्रकाराच्या कृतीची विटंबना वाटली. दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी. पण ‘ही बायकांची हौस, हिला कला म्हणूं नये’ या एका मुद्द्यावर त्यांचें एकमत! ज्या गोष्टीवर दोन वैरी पक्षांचें एकमत होतें, तिच्याकडे तटस्थानें पुन्हां एकदां पाहणें अगत्याचें असतें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, जर लावण्यापूर्वींही हें चित्र एकजिनसी नव्हतें. तें मुळांतच थरांचें होतें. रविवर्म्यांनीं 1894 सालीं मुंबईजवळ घाटकोपर येथें शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. 1972 सालच्या आगींत तो नष्ट झाला. तैलचित्राची छापील प्रत काढावयाची म्हणजे त्या चित्राचीं रंगाप्रमाणें फोड करावी लागे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें आकृति काढावयाची. ओल्या दगडावर शाई फिरविली कीं ती तेलकट रेषेवर धरते, पाण्यानें भिजलेल्या भागावर धरत नाहीं, या साध्या तत्त्वावर सगळा खेळ. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. साधारणतः फिके रंग आधीं, गडद रंग मागाहून. एकच कागद अनेक दगडांवरून जाई, आणि प्रत्येक वेळीं तो आधींच्या ठशावर नेमका बसावा लागे. केसभर चूक झाली तर ओठाचा रंग ओठाबाहेर. शेवटीं तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर वार्निशाचा हात.

म्हणजे चित्रकारानें जें एकसंध पाहिलें, तें दगडावर उतरविणाऱ्या कारागिरानें उलगडून थरांत मांडलें आणि थरावर थर देऊन पुन्हां एकसंध केलें. सरस्वतीच्या गालावरील एक सांवली म्हणजे तीन-चार दगडांचा समझोता. या कारागिरांचीं नांवेंही आपण घेत नाहीं. अशा अनेक हातांतून गेलेलें चित्र दुकानांतून घरीं आलें, आणि तेथें त्याला आणखी एक हात लागला. तो हात परका होता असें म्हणण्यास मग फारशी जागा उरत नाहीं. चित्र पूर्ण झालें होतें हा आपला समज. घरांतल्या बाईला तें अद्याप चालू आहे असें वाटलें, एवढेंच.

आतां ती बाई काय करते तें पाहूं. ‘हौस’ या शब्दानें ज्याची बोळवण केली जाते, त्यांत किती निर्णय दडलेले असतात हें क्रमानें पाहिल्याविना कळावयाचें नाहीं.

पहिला निर्णय साधनाचा. कापड चिकटवावयाचें कीं शिवावयाचें? खळ पातळ असली तर वार्निशाच्या गुळगुळीत पृष्ठावर धरत नाहीं. ओलसर राहिली तर कापडांतून वर येऊन डाग पाडते. आणि पिठाची म्हणून कसर लागण्याचें भय कायमचें. सुई वापरावी तर धोका वेगळा. कापडांत चुकलेला टांका उसवतां येतो. धागे सरकतात, भोंक बुजतें. कागदाचें तसें नाहीं. कागदाला पडलेलें भोंक तें पडलें. आणि जवळ जवळ टांके घातले तर पोस्टाच्या तिकिटाप्रमाणें कागद त्या ओळीवर फाटावयास तयार. म्हणून टांका घालण्यापूर्वींच तो मनांत पूर्ण झालेला असावा लागतो. भरतकाम करणाऱ्या हाताला कापडाची सहनशीलता अंगवळणी पडलेली असते. कागदावर त्याच हाताला नवी शिस्त शिकावी लागते.

दुसरा निर्णय क्रमाचा. आधीं अंगचें वस्त्र, मग निऱ्या, मग पदर, मग काठ, आणि सर्वांत शेवटीं दागिने. हा क्रम केवळ सोयीचा नव्हे. स्त्री स्वतः ज्या क्रमानें सजते तोच हा क्रम आहे. काठ आधीं लावला तर निरीचा जोड उघडा पडतो. मणी आधीं लावले तर कापड सपाट बसत नाहीं. प्रत्येक थर हा पुढच्या थरासाठीं जागा राखून द्यावयाचा असतो. थरांच्या कलेंत सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, आज जें सुंदर दिसतें आहे तें उद्यां झांकलें जाणार हें जाणून तें करावें लागतें.

तिसरा निर्णय सर्वांत सूक्ष्म आहे. चित्रांत जें पुढें आहे तें प्रत्यक्षांत मागें जातें, ही या कामांतील खरी अडचण. सरस्वतीचें चित्र घ्या. चार हात, दोन हातांत वीणा, इतर दोहोंत पोथी आणि माळ, शेजारीं मोर. वीणा तिच्या अंगावरून तिरकी गेलेली, म्हणजे वस्त्राच्या पुढें आहे. पण खरें कापड लावतांच कापड वर येतें आणि वीणा खालीं दबते. कापडाच्या जाडीइतकीच ही उलथापालथ. पण डोळ्याला ती खुपते. म्हणून कापड वीणेच्या कडेनें, बोटांच्या कडेनें अचूक कापावें लागतें. आणि कितीही अचूक कापलें तरी जोड दिसतोच.

येथें या अनाम कलावतींची बुद्धि दिसून येते. जेथें छापील अंग आणि खरें वस्त्र यांचा जोड येतो, नेमकें तेथेंच दागिना येतो. गळ्याशीं हार, मनगटाशीं बांगड्या, कमरेला पट्टा, पावलाशीं पैंजण. मण्यांची एक ओळ ठेवली कीं जोड नाहींसा होतो, आणि ती ओळ मुद्दाम ठेवली असें वाटतही नाहीं. कारण मनुष्यानें दागिने मुळांत तेथेंच घातले आहेत, जेथें वस्त्र संपतें आणि देह सुरू होतो. अडचणीचें असें अलंकारांत रूपांतर करणें याला कारागिरी म्हणावें कीं कला, हा वाद ज्याला घालावयाचा असेल त्यानें घालावा. आमच्या मतें एका माध्यमाची उणीव दुसऱ्या माध्यमाच्या स्वभावानें भरून काढणें हेंच मिश्र माध्यमाच्या कलेचें मर्म होय.

चौथा निर्णय न करण्याचा, आणि खरी पारख येथेंच होते. मुख सोडावयाचें. हात सोडावयाचे. पावलें सोडावयाचीं. आणि शक्य तर मोरही सोडावयाचा! मोराच्या पिसाऱ्यासारखें टिकल्यांना आमंत्रण देणारें दुसरें स्थळ चित्रांत नाहीं; निळ्या-हिरव्या टिकल्या हाताशीं असतील तर मोह आवरणें कठीण. परंतु मोर चमकला कीं दृष्टि देवीवरून निघून मोरावर जाते, आणि सरस्वतीचें चित्र मोराचें चित्र होऊन बसतें. तीच गोष्ट तिच्या शुभ्र वस्त्राची. पांढऱ्यावर पांढरें रेशीम लावून केवळ काठाला जर देणारी बाई रविवर्म्यांना समजून घेते. त्या जागीं जरतारी लाल तुकडा लावणारी बाई त्यांना पुसून टाकते. दोघींनींही कष्ट सारखेच केलेले असतात.

म्हणून या प्रकारचें प्रत्येक काम चांगलेंच, असें म्हणण्याचा आमचा आशय मुळींच नाहीं. यांत वाईट कामें पुष्कळ असणारच. आकाशांतील ढगांवर टिकल्या, तळ्याच्या पाण्यावर टिकल्या, सिंहासनावर, कमळावर, झाडाच्या पानांवर टिकल्या, असा जेथें जागा सांपडेल तेथें भर घालण्याचा प्रकार झाला कीं चित्राचें दुकान होतें. थर देणें आणि ढीग करणें यांत भेद आहे. थराला खालच्याची आठवण असते, ढिगाला नसते. आजच्या चित्रशाळांतून मिश्र माध्यमाच्या नांवाखालीं कागद, चिंध्या, दोरे, वाळू, वर्तमानपत्राचे तुकडे एकावर एक चढविण्याची पद्धति रूढ आहे. तिच्यांतील यशापयशाचें गमकही हेंच. वरचा थर काढून टाकल्यास खालच्यांत कांहीं उणें वाटेल काय, आणि खालचा नसता तर वरचा असाच पडला असता काय, हे दोन प्रश्न विचारले कीं बहुतेक निकाल लागतो.

आतां रविवर्म्यांच्या कैवाऱ्यांचा आक्षेप विचारांत घेतला पाहिजे, कारण तो बिनबुडाचा नाहीं. ते म्हणतील, रविवर्म्यांचें सारें सामर्थ्य वस्त्राच्या आभासांत आहे. रेशमाची चमक, निरीची सांवली, जरीच्या काठावरील प्रकाशाची रेघ, हें सगळें सपाट पटावर केवळ रंगानें भासमान करणें हा त्यांचा पराक्रम. त्यावर खरें रेशीम चिकटविणें म्हणजे गवयाची तान चालू असतां मध्येंच खरा कोकिळ आणून बसविण्यासारखें नव्हे काय? शिवाय चित्रांतील प्रकाश एका बाजूनें येतो. चिकटवलेलें कापड त्या प्रकाशाला जुमानीत नाहीं. मग एकाच देवीचें मुख एका प्रकाशांत आणि वस्त्र दुसऱ्या, अशी विसंगति उत्पन्न होते.

विसंगति उत्पन्न होते हें आम्ही मान्य करतों. परंतु ती कशासाठीं पत्करली याचें उत्तर चित्रशाळेंत मिळणार नाहीं. तें देवघरांत मिळेल. महाराष्ट्रांत भाद्रपदांत ज्येष्ठा गौरी येतात. कित्येक घरीं गौरीचा मुखवटा तेवढा घडविलेला असतो; बाकीचा देह साडी नेसवून उभा करतात. साडी खरी, दागिने खरे, मुख मात्र घडविलेलें. आणि त्यांत कोणालाही विसंगति वाटत नाहीं. देवळांतही मूर्तीला नित्य स्नान, पोशाख, अलंकार. दगडावर कोरलेलें वस्त्र असलें तरी त्यावर खरें वस्त्र चढतेंच. ज्या घरांत ही रीत अंगवळणी पडलेली, त्या घरांत लक्ष्मीचें चित्र आलें तेव्हां तिला साडी नेसवावी असें वाटणें यासारखी स्वाभाविक गोष्ट दुसरी नाहीं. रविवर्म्यांनीं देवीला चित्रांत आणलें. या स्त्रियांनीं तिला चित्रांतून मूर्तींत परत नेलें. जें दृश्य होतें तें दर्शन झालें.

प्रकाशाची विसंगतिही मग निराळी दिसूं लागते. दिवसाच्या उजेडांत भिंतीवर पाहिलें तर जर भडक वाटेल. पण संध्याकाळीं समईच्या उजेडांत पाहावें. वात जरा हलली कीं टिकल्या हलतात, मणी हलतात, जरीचा काठ लुकलुकतो. छापील मुख तेवढें स्थिर राहतें. चित्रांतील प्रकाश कायमचा थांबलेला असतो. जरीवरचा प्रकाश त्या घरांतला, त्या घटकेचा असतो. चंचल अलंकारांच्या मध्यें अचल मुख, हा परिणाम एकट्या रंगानें साधणारा नव्हता, आणि एकट्या जरीनेंही नव्हता. दोन थरांच्या विसंगतींतूनच तो निघाला.

याच परिणामाचा शास्त्रशुद्ध मार्ग आपल्या इतिहासाशीं निगडित अशा एका घराण्यानें फार पूर्वीं जोपासला होता. 1798 ते 1832 या काळांत तंजावरास दुसरे सरफोजी राजे असतां तेथील चित्रकलेला मोठा आश्रय मिळाला. तंजावरच्या चित्राला फणसाच्या फळीवर कापड चिकटवितात. त्यावर खडूचा लेप. जेथें अलंकार यावयाचे तेथें लेपाचा उठाव. त्या उठावावर कांचेचे खडे आणि सोन्याचा वर्ख. आणि मग रंग. तेथेंही मंद उजेडांत सोनें जिवंत होतें. परंतु भेद असा कीं, तंजावरचा कारागीर पहिला लेप देतांनाच शेवटचा खडा कोठें बसणार हें जाणतो. एकच मन तळापासून वरपर्यंत पोंचलेलें असतें. जरी लावणाऱ्या स्त्रीला तें भाग्य नाहीं. तिला दुसऱ्यानें संपविलेल्या जागीं आरंभ करावयाचा असतो. तंजावरचें चित्र हा स्वतंत्र ग्रंथ; हें जरीकाम म्हणजे भाष्य. भाष्यकाराला मूळ ग्रंथ बदलतां येत नाहीं, आणि त्यांतच त्याची कसोटी असते.

येथें पॅरिसचीही आठवण होणें अपरिहार्य आहे. 1912 सालीं पिकासोनें आपल्या एका चित्रांत वेताच्या खुर्चीची विणकर ज्यावर छापली आहे असा मेणकापडाचा तुकडा चिकटविला आणि चित्राभोंवतीं दोराची चौकट केली. त्याच वर्षीं ब्राकनें लांकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून चित्रावर लावला. युरोपीय कलेच्या इतिहासांत हा मोठा टप्पा गणला जातो, आणि तो योग्यच आहे. तेव्हां ‘आमच्या बायकांनीं हें आधींच केलें होतें’ अशी फुशारकी मारण्याचा मोह आपल्याकडे एखाद्यास होईल. त्यांत अर्थ नाहीं. पिकासो आणि ब्राक यांचा प्रश्न वेगळा होता. चित्र म्हणजे जगाचा आभास, या शेंकडों वर्षांच्या कल्पनेविषयीं त्यांच्या मनांत संशय उत्पन्न झाला होता. चिकटविलेला तुकडा हें त्या संशयाचें साधन. त्यांनीं तर तुकडाही असा निवडला कीं तो स्वतःच आभास होता: वेत नव्हे, वेताचें छापील चित्र, लांकूड नव्हे, लांकडाचें छापील चित्र. आपल्याकडील स्त्रीला संशय नव्हता, श्रद्धा होती. म्हणून तिनें खरें रेशीम घेतलें. एकीकडे तुकड्यानें चित्राची मोहिनी मोडली, दुसरीकडे तुकड्यानें तिला देवत्व दिलें. हेतु उलट, पण नियम तोच: वरचा थर हा खालच्या थराविषयीं कांहीं तरी म्हणतो. जो कांहींच म्हणत नाहीं तो केवळ चिकटलेला असतो.

हा विचार केवळ पुस्तकी राहूं नये याला एक व्यावहारिक कारण आहे. ज्या घरांत असें एखादें चित्र माळ्यावर पडलेलें असेल, त्या घरीं केव्हां तरी प्रश्न निघणारच. चौकट खिळखिळी झालेली, कापड विटलेलें, जर काळवंडलेली, दोन-चार टिकल्या कांचेखालीं गळून पडलेल्या. कोणी तरी जाणता म्हणेल, हें सगळें सोलून काढा, खालीं अस्सल रविवर्मा आहे. सल्ला सुशिक्षित वाटतो. परंतु खालीं जें आहे तेंही अनेक दगडांच्या अनेक थरांचें आहे, आणि त्याच्या हजारों प्रती निघाल्या होत्या. वर जें आहे त्याची प्रत एकच. ज्या हातानें तें केलें तो पुन्हां यावयाचा नाहीं. टांक्यांचीं भोंकें कागदांत राहतील, खळीचे डाग राहतील, आणि सोलून मिळालेलें चित्र ना रविवर्म्यांचें ना त्या बाईचें, असें उरेल. मूळ शोधण्याच्या नादांत अस्सल गमावण्याचा हा प्रकार होईल.

रविवर्म्यांच्या चित्रांवर पंडितांनीं लिहिलेल्या टीका आपल्या ग्रंथालयांत आहेत. त्यांच्या आधीं, आणि त्यांच्याशीं कसलाही संबंध न ठेवतां, या देशांतील कित्येक स्त्रियांनीं त्याच चित्रांवर सुईदोऱ्यानें टीका लिहिली. काय झांकावें, काय उघडें ठेवावें, कोठें थांबावें, याचा निर्णय प्रत्येकीनें आपल्या बुद्धीनें केला. कोणाचा साधला, कोणाचा फसला. त्या टीकेचें परीक्षण व्हावें, तिच्यांतील बरेवाईट निवडावें, ज्यांच्याकडे अशीं चित्रें असतील त्यांनीं तीं कोणाच्या हातचीं, कोणत्या घरचीं, एवढें तरी चित्रामागें लिहून ठेवावें. मूळ आणि भाष्य हीं दोन्ही एकत्र वाचण्याची आपली रीत जुनी आहे. ती चित्रांच्या बाबतींत सोडण्याचें कारण नाहीं.